वऱ्हाड निघते, तेव्हा मागे कोण राहते?

मराठवाड्यातील एका खेड्यातले वऱ्हाड लग्नासाठी थेट लंडनला निघते, ही लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगाची कल्पना आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. देशपांडे एकटेच सगळी माणसे उभी करीत आणि सभागृह हसून लोटपोट होई. आम्हांला वाटते, त्या हसण्याच्या मुळाशी एक सुखद गोष्ट होती. लग्न सातासमुद्रापार असले, तरी गाव सोबत निघाले होते.

आता 'डेस्टिनेशन वेडिंग' हा शब्द वर्धा, हिंगणघाट, पुलगावच्या घरांतही ऐकू येतो. आपल्या ख्रिस्ती तरुणांना गोव्याचे विशेष आकर्षण. तिथे जुनी सुंदर चर्चेस आहेत, समुद्र आहे, फोटो छान येतात. यात हसण्यासारखे काही नाही आणि रागावण्यासारखेही नाही. पण अशा लग्नाच्या प्रवासाचा पहिला दिवस आपण नीट पाहिला आहे का? लग्नाच्या दिवशी सगळे सजलेले असतात, म्हणून फारसे काही दिसत नाही. पहिल्या दिवशी मात्र स्पष्ट दिसते. गाडीत किंवा विमानात कोण बसले आणि निरोपाचा हात हलवून कोण घरी परतले, हे त्या दिवशी उघड होते.

वर्ध्याहून गोव्याला रेल्वेने जायचे म्हणजे एक दिवस आणि एक रात्र गेली. विमानाने जायचे तर आधी नागपूर गाठायचे. तीनशे नावांच्या यादीतून चाळीस नावे निवडावी लागतात. मग गुडघ्यांनी जेरीस आलेली आजी आपणहून म्हणते, "मी नाही येत बाई, तुम्ही जा." जानेवारीचे लग्न असेल तर कापसाची वेचणी सुरू असते. शेतावर राबणारा काका चार दिवस सोडून येऊ शकत नाही. मुलीला पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी तयार करणाऱ्या बाई, दर रविवारी तिच्या शेजारी उभ्या राहून गाणाऱ्या गायकवृंदातल्या मैत्रिणी, घरची धुणीभांडी करणारी मावशी, यांची नावे कोणी दुष्टपणाने खोडत नाही. ती खर्चाच्या रकान्यात आपोआप गळतात. आणि ज्यांना बोलावले जाते, त्यांच्यापैकी एखाद्याला तिकिटासाठी उसने पैसे घ्यावे लागतात, तेही कोणी विचारीत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. काही जोडपी सरळ सांगतात, "इथे लग्न केले तर आठशे पाने उठवावी लागतील. बाबा कर्ज काढतील. बाहेर चाळीस माणसांत होईल." हे खोटे नाही. मानपानावरून रुसणारे, जेवणात खोट काढणारे, वधूच्या रंगावर आणि वराच्या पगारावर कुजबुजणारे आपणच असतो. आंतरधर्मीय किंवा आंतरजातीय विवाहात तर टोमण्यांना ऊत येतो. काही मुले समुद्राच्या ओढीने जात नाहीत, ती आपल्यापासून दूर जातात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात लिहिले आहे की, पत्रिका, कपडे आणि मेजवानी यांच्या तयारीत पैसाच नव्हे तर आनंदही संपून जातो आणि जोडपी दमून वेदीपाशी येतात. वेगळे वागण्याचे धैर्य दाखवा, असे त्यांनी तरुणांना सांगितले. ते आईवडिलांनीही वाचायला हरकत नाही.

ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत शहाणपणाचा आहे. वधू किंवा वराच्या धर्मग्रामात विवाह व्हावा, ही सर्वसाधारण रीत. पण स्वतःच्या धर्मगुरूंची किंवा बिशपांची परवानगी घेऊन तो दुसऱ्या ठिकाणी होऊ शकतो. म्हणजे दूर जाणे हे पाप नव्हे. प्रश्न एवढाच उरतो की, आपण दूर जातो ते कशासाठी?

आपल्या जिल्ह्यालाच याचा जुना अनुभव आहे. 1926 साली वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी आपली मुलगी कमला हिचे लग्न साबरमतीच्या आश्रमात गांधीजींच्या साक्षीने साधेपणाने केले. एवढा मोठा व्यापारी! वर्ध्यात थाट करायचा म्हटले असते तर त्यांना काय अवघड होते? थाट टाळता यावा म्हणून ते घरापासून दूर गेले. पुढे 1936 मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले आणि लग्नासाठी प्रवास करून लोक आपल्या जिल्ह्यात येऊ लागले. बेळगावच्या इंदुमती गुणाजी आणि पत्रकार तेंडुलकर यांचा विवाह ऑगस्ट 1945 मध्ये सेवाग्रामला झाला. त्याआधी गांधीजींनी त्यांना काही वर्षे एकमेकांपासून दूर राहून थांबायला सांगितले होते. ती अट सर्वांना पटेल असे नाही, आम्हांलाही ती कठोर वाटते. पण त्यांच्या लग्नप्रवासाचा पहिला दिवस तिकीट काढण्याच्या कितीतरी आधी, थांबायला होकार दिला त्या दिवशी उजाडला होता. आपल्याकडे विवाहपूर्व शिबिर एक शनिवार-रविवार असते, तर तेही "सुट्टी मिळत नाही" म्हणून उरकायला पाहणारे आहेत.

पवित्र शास्त्रात लग्नप्रवासाची एक फार सुंदर कथा आहे. ती तोबीतच्या ग्रंथात आहे. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये हा ग्रंथ सहसा नसतो, आणि आपल्या बायबलमध्ये असूनही आपण तो क्वचितच उघडतो. आंधळा झालेला तोबीत आपल्या मुलाला, तोबियाला, दूरदेशी ठेवलेले पैसे आणायला पाठवतो. सोबत वाटाड्या म्हणून राफाएल देवदूत असतो, पण तो देवदूत आहे हे कोणालाच ठाऊक नाही; त्याची रोजची मजुरीही ठरवलेली आहे. निघताना आई रडते. म्हातारपणाची काठी का धाडलीस, म्हणून नवऱ्याला बोल लावते. आणि त्या दोघांबरोबर घरचा कुत्राही निघतो! शास्त्रलेखकाला तो लिहावासा वाटला, याचे आम्हांला दर वेळी कौतुक वाटते.

पहिल्या दिवसाचा मुक्काम तैग्रीस नदीच्या काठी पडतो. तोबिया पाय धुवायला उतरतो, तर एक मोठा मासा त्याच्यावर झेपावतो. राफाएल सांगतो, त्याला धर, त्याचे काळीज, यकृत आणि पित्त जपून ठेव. पुढे एकबताना नगरात साराशी त्याचे लग्न होते, आईवडिलांच्या माघारी. सासरे चौदा दिवस मेजवानी देतात. इकडे घरी तोबीत दिवस मोजत बसतो आणि आई रोज वाटेकडे डोळे लावते. तोबियाला ते कळते. मेजवानी संपल्यावर सासरे आणखी राहण्याचा आग्रह करतात, तेव्हा तो म्हणतो, मला जाऊ द्या. पहिल्या दिवशी पिशवीत घातलेले ते पित्त तो बापाच्या डोळ्यांना लावतो आणि बापाला दिसू लागते. मग तोबीत स्वतः चालत निनवेच्या वेशीपर्यंत सुनेला सामोरा जातो, तिला आशीर्वाद देतो, आणि घरी पुन्हा सात दिवस लग्नाचा आनंद चालतो.

लग्न परमुलखात झाले, तरी पहिल्याच मुक्कामावर घेतलेल्या वस्तूत घरी राहिलेल्याचा वाटा होता. आपल्या मुलांच्या सामानात मेंदीचे कोन, ड्रोन कॅमेऱ्याची पेटी, सहा जोड कपडे असतात. परतल्यावर आजीच्या खाटेजवळ बसायला एक दिवस राखून ठेवलेला असतो का? आपल्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची मिस्सा आणि अंगणात साधा चहा-फराळ, ज्याला वेचणी सोडून येता आले नाही त्या काकासाठी? आणि आपण, जे मागे राहिलो, ते तोबीतसारखे उठून वेशीपर्यंत जाणार, की बोलावले नाही म्हणून दार लावून बसणार?

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. विवाह गोव्यात होवो की वेलांकनीला, तेथील धर्मगुरू त्याची खबर वधूवरांचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या धर्मग्रामाला पाठवतात. मग तिथले फादर बाप्तिस्म्याची जुनी वही काढतात, ते नाव शोधतात आणि त्याच्या बाजूला विवाहाची नोंद करतात.