झोपून पण दमायला होतं

परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या दारात सकाळी सातच्या सुमाराला दहा-अकरा वर्षांची मुलं आई-बापाच्या कडेवर दिसतात. एरवी या वयाचं पोर कडेवर घेतलं तर लाजेनं खाली उडी मारेल. इथं ते खांद्यावर मान टाकून गप्प असतं. दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेतून आलेलं असतं, फार तर टॅक्सीतून उतरून चार पावलं चाललेलं.

आपण दिवसभर राबतो, रात्री पाठ टेकतो, पहाटे अंग मोकळं होतं. या मुलांचा शीण डोळे उघडायच्या आधीच अंगात येऊन बसलेला असतो. किमोनं अस्थिमज्जा मंदावते, हिमोग्लोबिन उतरतं. व्हिन्क्रिस्टीन या किमोच्या औषधानं पायांच्या नसा दुबळ्या होतात, जिना चढताना चवडा उचलत नाही. स्टिरॉइडच्या दिवसांत भूक खवळते आणि झोप उडते. मुलांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार २ ते ३ वर्षं चालतात. म्हणजे चौथीतलं मूल सहावी-सातवीत जाईपर्यंत.

हेच उपचार चालू असलेला माझा भाचा 'थकलो' असं कधी म्हणायचाच नाही. 'कंटाळा आलाय', 'पाय दुखतात', नाहीतर सरळ पेन्सिल भिरकावून द्यायचा. आम्ही म्हणायचो, आजारपणात लाडावलाय! (मोठ्यांना हे निदान फार लवकर सुचतं.) पंधरा-सोळा वर्षांची मुलं तर तेवढंही बोलत नाहीत. मित्र बोलवायला आले की 'मूड नाही' म्हणून भिंतीकडे तोंड करतात.

'पडून राहा रे' हे आपण मायेनं म्हणतो, पण नुसतं पडून राहिलं की स्नायू आणखी गळतात. रक्तपेशींचे काउंट बरे असताना, डॉक्टरांना विचारून, रोज थोडं चालवलेलं बरं. मात्र शीण एकाएकी वाढला किंवा ताप आला, तर घरी बसून वाट बघायची नाही.

एका सकाळी आम्ही असंच चालायला गल्लीच्या टोकापर्यंत जाणार होतो. भाचा बुटाच्या नाड्या हातात धरून पायरीवर बसून राहिला. मी म्हटलं, "अरे, नऊ तास झोपलास की!"

"मावशी, झोपून पण दमायला होतं."

मी खाली त्याच्या शेजारी बसले. उजव्या बुटाची नाडी त्यानं स्वतः बांधली. डावा पाय माझ्याकडे सरकवला, म्हणाला, "ही तू बांध."