तगादा आणि अब्रू

घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, याविषयी वाद नाही. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे असा दंडक आपल्या धर्मशास्त्रकारांनीच घातला. धनकोचा मागण्याचा अधिकार पूर्णपणे मान्य करूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो: ऋणकोने गहाण नेमके काय ठेवलेले असते?

विद्यानगरात माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या कित्येकांनी हल्ली स्वतः कर्ज घेतलेलेच नसते. मोबाइलवरून रक्कम उचलतो पुतण्या किंवा कचेरीतील सहकारी, आणि तगाद्याचे फोन येतात ह्यांना. २०२० च्या डिसेंबरात हैदराबाद व सायबराबाद पोलिसांनी झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांवर कारवाई केली, तेव्हा ह्या छळापायी तेलंगणात काहींनी जीव दिल्याचे उघड झाले. युक्ती साधी होती. कर्ज देतानाच फोनमधील नावांची यादी उतरवून घ्यावयाची आणि हप्ता चुकताच मामा, व्याही, वरिष्ठ, सर्वांना ‘हा लुच्चा आहे’ असे कळवावयाचे.

तगादा काही आजचा नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वसुलीचे पाच उपाय सांगितले आहेत: धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. ‘आचरित’ म्हणजे काय, हे सांगताना टीकाकारांनी ऋणकोच्या दारात बसण्याचा उल्लेख केला आहे. (बायकामुलांना अडविणेही त्यातच येते, ते लपविण्यात अर्थ नाही.) हेच आपले धरणे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ५०८ च्या दृष्टांतात ते गुन्हा म्हणून नोंदविले, कारण दारात बसणारा समोरच्याला दैवी कोपाचे भय घालीत असे.

तथापि त्या धरण्यात एक गोष्ट होती. बसणारा स्वतः उपाशी राही, ऊन सोशी, आणि ज्याच्याकडून पैसे यावयाचे त्याच्या डोळ्यांसमोर असे. आजच्या फोनवाल्याला काहीच सोसावे लागत नाही. त्याचे खरे नावही आपणांस कळत नाही. शिवाय भय आता देवाचे राहिले नसून लोकांचे आहे.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करण्यास, तसेच नातलग, मित्र व संदर्भासाठी नावे दिलेल्यांच्या खाजगी जीवनात घुसण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कर्जाच्या अ‍ॅपना फोनमधील नावांच्या यादीला हात लावण्यास बंदी झाली. बेकायदा चालणारे अशा नियमांना जुमानीत नाहीत. त्यांच्यासाठी पोलिसांचा १९३० हा क्रमांक आहे.

परंतु कायद्याच्या बाहेर उरणारा प्रश्न मला अधिक सलतो. ‘तो इथे राहत नाही’ असे खोटे बोलावे काय, असे सत्यवादी गृहस्थ विचारतात. माझ्या मते त्याची गरज नाही. न सांगणे म्हणजे असत्य नव्हे. ‘त्याच्याविषयी मी आपल्याशी बोलणार नाही’ एवढे म्हणून फोन ठेवावा, आलेला क्रमांक व वेळ टिपून ठेवावी. अडचण पुढेच आहे. फोन ठेवल्यावर आपण ती वार्ता घरात सांगतो, देवळाच्या ओट्यावर हळूच विषय काढतो, आणि फोनवाल्याचे उरलेले काम आपल्या हातून फुकट होते. त्याची सारी भिस्त आपल्या नजरेवर असते. ती बदलली नाही, तर त्याचा फोन वाया जात नाही.

म्हणून पुतण्याच्या वडिलांना कळवावे काय, असे विचारणाऱ्यास मी सांगतो की आधी पुतण्यालाच एकांतात गाठा, आणि किती देणे आहे तेवढेच विचारा.