छेद म्हणजे माप

१९७८ साली अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना एका पाहणीत प्रश्न विचारला होता : १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाला टेकलेले, म्हणजे बेरीज दोनच्या आसपास. पण बरोबर उत्तर देणारी मुलं निघाली २४ टक्के. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं. १९ ही दोन अंशांची बेरीज, २१ ही दोन छेदांची. बेरीज त्यांना येत होती. १२/१३ ही एकच संख्या आहे, हे कळलेलं नव्हतं.

आपल्या वर्गांतही १/२ + १/३ = २/५ असं उत्तर लिहिणारी मुलं असतात. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, तरी ती थबकत नाहीत. मला यात दोष मुलांचा वाटत नाही. अंश वर, छेद खाली, अशी जागांची ओळख करून देऊन आपण लगेच नियम हातात ठेवतो : वर-खाली एकाच संख्येने गुणा. गुणल्यावर किंमत का बदलत नाही, हे सांगायचं राहूनच जातं.

छेद हे माप आहे आणि अंश ही त्या मापाने केलेली मोजणी. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा १९२ पै होत. पाऊण रुपया म्हणजे बारा आणे, अठ्ठेचाळीस पैसे, एकशे चव्वेचाळीस पै. आणि पुढे ७५ नवे पैसे. १२/१६, ४८/६४, १४४/१९२, ७५/१००. माप जितक्या पटीने लहान, तितक्याच पटीने मोजणी मोठी, रक्कम तीच. सममूल्य अपूर्णांकांचं मर्म एवढंच आहे, आणि ते नियमाच्या आधी यायला हवं.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. घोकंपट्टीची तरफदारी मला करायची नाही. पण त्या पाढ्यांत सव्वा, दीड, औट (म्हणजे साडेतीन) या एक-दोन-तीनइतक्याच खऱ्या संख्या होत्या. आज मूल गोल आकृतीचे भाग रंगवतं आणि ५/४ आलं की अडतं, कारण एका गोलात पाच चतुर्थांश मावत नाहीत. संख्यारेषा लवकर आणली तर ५/४ एकाच्या पुढे सहज बसतं, आणि १/२, २/४, ३/६ एकाच बिंदूवर येतात.

बेरजेआधी समच्छेद करावेत, हे भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त सांगितलं आहे. आणे आणि पैसे एका मापात आणल्याशिवाय मिळवता येत नाहीत, तसंच हे. लसावि काढण्याची मात्र सक्ती नाही. कोणताही सामाईक छेद चालतो, लसाविने आकडे लहान राहतात इतकंच.

छेद आपण निवडायचा असतो हे मुलाला उमगलंय का, ते एका प्रश्नाने कळतं : १/३ आणि १/२ यांच्या मधला अपूर्णांक सांग. समच्छेद केले की २/६ आणि ३/६ येतात, मधे जागाच दिसत नाही. ज्याला माप बदलता येतं ते मूल छेद बारा घेतं : ४/१२, ६/१२, मधे ५/१२. अठरा घेतला तर ७/१८ आणि ८/१८ असे दोन सापडतात, चोवीस घेतला तर तीन.