विचारणं आणि विसावणं

फलटणजवळच्या एका गावात दोघी जावा राहत. थोरलीला सगळे अक्का म्हणत. धाकटी त्रेचाळिशीची, अंगणवाडीत मदतनीस. वर्षभर तिच्या अंगावरून फार जात होतं. चार पावलं चालली तरी धाप लागे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत आठ सेंटिमीटरची गाठ दिसली. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "मुलं झालीत ना? पिशवी काढून टाका. कटकट मिटेल."

घरीही तेच. सासूबाईंना दोघी आत्याबाई म्हणत. त्या म्हणाल्या, "आपल्या आळीत कितीजणींची काढलीय. त्यात काय एवढं?"

अक्का गप्प होती. तिची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली होती, आणि सोबत दोन्ही अंडाशयंही. लगेच अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली, पुढं हाडं दुखू लागली. असं होईल हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. दर हंगामात त्यांच्या उसाच्या फडात बीडकडची टोळी उतरे. त्यातल्या तिशीतल्या बायकाही पिशवी काढल्याचं सांगत. २०१९ साली सरकारनं बीडमधल्या अशा शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी समिती नेमली, ती बातमी अक्कानं पुन्हा पुन्हा वाचली होती. त्या रात्री ती धाकटीला म्हणाली, "काढायचीच ठरली तर काढ. पण आधी विचार. मी विचारलं न्हाई."

दोघी पुण्याला गेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवला, एमआरआय करून घेतला आणि सलाइनमधून लोह सुरू केलं. मग समोर बसवून समजावलं, "फायब्रॉइडची गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. पाळी थांबल्यावर ती आपोआप आकसते. ती आतल्या पोकळीत असती तर खालून दुर्बिणीनं काढली असती. पुढं मूल हवं असतं तर तेवढी गाठ सोलून काढायचा विचार आधी केला असता. काहीजणींना पिशवी काढणंच योग्य असतं. तुमच्यासाठी आणखी एक वाट आहे."

ती वाट म्हणजे एम्बोलायझेशन. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत न्यायची आणि वाळूसारखे बारीक कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा. पॅरिसमध्ये डॉ. राव्हिना आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेत रक्त कमी जावं म्हणून आधी असं करत. काहीजणींना त्यानंच इतकं बरं वाटलं की शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. १९९५ साली त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले.

धाकटीनं वही उघडली. प्रश्न घरूनच लिहून आणले होते.

"गाठ पुन्हा त्रास देईल का?"

"काहीजणींना काही वर्षांनी दुसरा उपचार लागतो."

"पाळी लवकर बंद पडेल?"

"पंचेचाळिशीनंतर तो धोका जास्त. तुम्ही त्या वयाच्या जवळ आहात, म्हणून आत्ताच सांगते."

"दुखेल?"

"पहिली रात्र फार दुखेल. त्यासाठी चांगली औषधं देऊ."

धाकटीनं दोन दिवस विचार केला, मग स्वतः फोन करून होकार कळवला.

पहिली रात्र खरंच कठीण गेली. पोटात कळा, मळमळ, कणकण. अक्का उशाशी बसून होती. दुसऱ्या दिवशी दुखणं ओसरलं आणि त्याच्या पुढच्या दिवशी दोघी घरी आल्या. मनगटावर एक बारीकसा ठिपका, बाकी कुठं खूण नाही.

तिथंच घोटाळा झाला. शेजारणी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "एक टाका न्हाई, मग झोपून काय ऱ्हायचं?" धाकटीलाही शरम वाटली. चौथ्या दिवशी ती पाण्याची घागर उचलायला वाकली. अक्कानं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हिच्या पोटात मुठीएवढी गाठ मरतीय. अंग त्याच्याशी झगडतंय, म्हणून कणकण आणि थकवा. जखम दिसत न्हाई, पण काम चालू हाय."

आत्याबाई क्षणभर सुनेकडं बघत राहिल्या. मग त्यांनीच चूल हाती घेतली. पंधरा दिवस धाकटीनं घरातल्या घरात चालणं, भरपूर पाणी पिणं आणि गोळ्या वेळेवर घेणं एवढंच केलं. ताप १००.४च्या वर गेला, घाण वासाचा स्राव सुरू झाला किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, तर लगेच कळवायचं, हे अक्कानं भिंतीवर लिहून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती अंगणवाडीत रुजू झाली. सहा महिन्यांनी गाठ निम्मी झाली होती, पाळी आवाक्यात आली होती आणि हिमोग्लोबिन ११वर पोचलं होतं.

मग गावातल्या बायका येऊ लागल्या. "तू केलंस तेच आम्हाला सांग." धाकटी आत जाऊन कोरी वही आणायची आणि म्हणायची, "मी काय केलं ते लिहू नका. तुमची गाठ कुठं आहे, केवढी आहे, तुम्हाला पुढं काय हवंय, ते लिहा. आणि डॉक्टरांना विचारा."

तात्पर्य : उपचार निवडताना शेजारणीचा दाखला पुरत नाही आणि बरं होताना जखमेचा आकार पुरत नाही. ज्या बाईचं शरीर, तिला पूर्ण माहिती मिळाली पाहिजे आणि पूर्ण विश्रांतीही. दोन्ही मागण्यात लाज कसली?