कवच कोणी फोडावे?

उबवणी यंत्रातले पिल्लू कवचाशी झगडत असताना त्याला मदत करावी की नाही, हा प्रश्न कुक्कुटपालनापुरता राहत नाही. धडपडणारा जीव पाहून हात आवरणे हा निर्दयपणा की विवेक, असा धर्मविचार त्यात दडलेला आहे.

कोंबडीचे अंडे उबायला सुमारे २१ दिवस लागतात. अखेरच्या टप्प्यात पिल्लू आतल्या हवेच्या पोकळीचा पापुद्रा चोचीने भेदते आणि फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. मग चोचीवरच्या टोकदार उंचवट्याने कवचाला पहिली चीर पाडते. त्यानंतरचे साधारण १२ ते २४ तास ते निपचित पडल्यासारखे भासते. याच वेळात पापुद्र्यातल्या वाहिन्यांमधले रक्त त्याच्या शरीरात परतते आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. या काळात घाईने कवच सोलले, तर वाहिन्या फाटून दयेपोटी केलेल्या मदतीनेच पिल्लू दगावू शकते. अहिंसेला सद्भावाइतकीच जाणतेपणाचीही गरज असते, ती अशी.

बौद्ध विचाराने हा दृष्टान्त फार पूर्वी हाती घेतला. मज्झिम निकायातील सेख सुत्तात म्हटल्याप्रमाणे, कोंबडीने अंडी नीट उबवली असतील तर तिने तशी इच्छा केली नाही तरी पिल्ले सुखरूप बाहेर येतात. साधकाच्या मुक्तीचेही तसेच आहे. चीनमधील चान परंपरेत गुरुशिष्यांसाठी हीच प्रतिमा येते: पिल्लू आतून टोचते, कोंबडी बाहेरून, आणि दोन्ही टोचण्या एकाच क्षणी जुळाव्या लागतात. आतली टोचणी सुरू होण्याआधी बाहेरून पडलेली चोच घातक ठरते.

तरीही ‘निसर्ग पाहून घेईल’ असे म्हणून यंत्र चालवणाऱ्याला मोकळे होता येत नाही. अंडी यंत्रात ठेवताच त्याने खुडूक कोंबडीची जागा घेतलेली असते. सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमान राखणे, अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणे थांबवणे, हवेतला ओलावा वाढवणे आणि पिल्ले निघत असताना झाकण न उघडणे हे त्याचे कर्तव्य ठरते. हवा कोरडी पडली तर पापुद्रा वाळून पिल्लाला आवळून टाकतो. ही अडचण बहुधा माणसाच्या हयगयीतून येते, म्हणून ती सोडवणेही त्याच्याकडेच येते. पुरेशी वाट पाहूनही पिल्लू पुढे सरकत नसेल, तर पापुद्रा कोमट पाण्याने ओलावून कवचाचा थोडा थोडा भाग काढावा आणि रक्त दिसताच थांबावे.

ऊब आणि ओलावा पुरवणे हे पालकाचे काम, कवच फोडणे हे पिल्लाचे. आपल्या चुकीने पिल्लाची वाट अडली असेल तेवढ्यापुरताच हस्तक्षेप धर्म्य ठरतो.