नमणे आणि नमविणे

उपवासकाळ आला की प्रवचनांतून एक विचार हमखास ऐकावयास मिळतो : मानहानीचे प्रसंग म्हणजे देवाचा प्रसाद, ते सोसले की श्रद्धा खोल जाते. विचार जुना आहे आणि खराही आहे. तरी तो इतक्या सहजपणे उच्चारला जावा का, याविषयी आमच्या मनात शंका आहे. आपल्या भाषेने इथे एक बारीक भेद राखला आहे. नमणे वेगळे आणि नमविणे वेगळे. पहिल्यात मान आपली आपण लवते. दुसऱ्यात कोणाचा तरी हात मानेवर असतो. असा हात पडल्यावाचून सहसा कोणी नमत नाही, हेही मान्य. परंतु हात पडला की मनुष्य नमतोच असे नाही. पुष्कळदा तो नुसता वाकतो आणि आतून अधिकच ताठ होतो.

हे समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. जन्म 1556 च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. मनात इच्छा एकच, की आपल्याला येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही.

ही मानहानी कोणत्या जातीची होती, हे पाहण्यासारखे आहे. लग्नाच्या पंगतीत मागे बसविले गेले, मिरवणुकीत क्रूस धरण्याचा मान दुसऱ्याला गेला, तर दुखावतो तो अहंकार. चार दिवसांनी आपले आपल्यालाच हसू येते. गोन्सालोंनी मान मागितला नव्हता, सेवा मागितली होती. देवासाठी मागितलेली गोष्ट देवाच्याच माणसांनी नाकारावी, यासारखा श्रद्धेला धक्का नाही. अशा वेळी मनुष्य देवाला आणि त्याच्या माणसांना एकाच मापाने मोजू लागतो आणि देवळाकडे पाठ फिरवितो.

गोन्सालो व्यापारात शिरले आणि त्यात त्यांचा जमही बसला. गोष्ट इथेच संपती, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण मनिला येथे त्यांनी व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, तोही साधा ब्रदर म्हणून. मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार ज्याला नसतो असा. त्या नकाराने त्यांच्या इच्छेतील एक अट गळून पडली होती, असे आम्ही म्हणू. ‘मी तुझा होईन, पण याच संघात, याच वस्त्रात’ यातले ‘पण’ गेले, आणि ‘मी तुझा होईन’ एवढे उरले. श्रद्धा खोल होणे म्हणजे याहून वेगळे काही असेल, असे आम्हांस वाटत नाही.

1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि हिदेयोशीपुढे उभे राहून बोलले. पदरी निराशा आलेल्या त्या वर्षांत शिकलेली भाषाच कामी आली. पुढे त्यांना अटक झाली, क्योतो शहरात कान कापला गेला आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेण्यात आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी तिथल्या टेकडीवर 26 क्रूस उभे राहिले. त्या ओळीत तिघे येशूसंघाचे होते. ज्यांच्यात जागा मिळाली नाही, त्यांच्याच ओळीत गोन्सालोंना क्रूस मिळाला. 1862 मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

यावरून नकार देणाऱ्यांनी योग्यच केले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. परिणाम चांगला झाला म्हणून कारण पुण्यवान ठरत नाही. तसे ठरवावयाचे तर हिदेयोशीचेही आभार मानावे लागतील! सुनेला, घरातल्या कामवाल्या बाईला, धाकट्या भावाला ‘देव तुला नम्र करतो आहे’ असे जो ऐकवितो, त्याने आधी आपला हात कुठे आहे, हे पाहावे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ते स्वतः खाली बसून.

आपल्या धर्मग्रामांत सेमिनरीतून परत आलेली मुले असतात. कोणी स्वतः निघून आलेला असतो, कोणाला परत पाठविलेले असते. गावात कुजबुज होते. आई काही रविवार मागच्या बाकावर बसते, बाप नाक्यावर जाण्याचे टाळतो. अशा घराने संत गोन्सालोंची तसबीर भिंतीवर जरूर लावावी. शेजाऱ्यांनी मात्र ती भेट म्हणून नेऊ नये. त्यांनी नेहमीसारखी दारातून हाक मारावी, पुढे काय शिकायचा विचार आहे ते त्या मुलाला विचारावे, आणि येत्या सणाच्या गायनाच्या सरावाला त्याला बोलवावे.