रव्यातला मासा आणि शुक्रवारचे व्रत

कॅथलिक शिस्तीत शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासळी मात्र चालते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात हा नियम अधिक कसोशीने पाळला जातो. 1983 च्या धर्मसंहितेनुसार वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून तो लागू होतो. संभाजीनगरच्या छावणीतल्या प्रोटेस्टंट घरांवर अशी सक्ती नाही; तिथे व्रत ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेले आहे. शहरापासून समुद्र लांब, त्यामुळे ताटात बहुधा नाथसागर जलाशयातला रोहू किंवा कटला येतो, तोही अनेकदा रव्यात किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला.

मासळीला ही सूट का? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी कारण दिले : जमिनीवरच्या प्राण्यांचे मांस जिभेला अधिक सुखावते, शरीराला अधिक पोसते आणि वासना चेतवते, म्हणून ते सोडावे. म्हणजे कसोटी चवीची आणि पोषणाची. ती रव्यातल्या माशाला लावून पाहण्याजोगी आहे.

100 ग्रॅम कच्च्या रोहूत सुमारे 17 ग्रॅम प्रथिने आणि जवळपास 100 कॅलरी असतात. चरबी अगदी थोडी. त्याला 15 ग्रॅम रवा लागला, तर सुमारे 50 कॅलरी वाढतात आणि 10 ग्रॅम तेल मुरले की आणखी 90. तुकडा 240 वर जातो. चरबी काढलेल्या तेवढ्याच कच्च्या मटणात मात्र 110 च्या आसपास कॅलरी असतात. प्रथिने दोन्हीकडे चांगली आहेत, पण कुरकुरीत आवरणाने वाढते ती चव आणि तेल, म्हणजे व्रताने ज्याला आवर घालायचा तेच. अक्वायनस यांचे कारण इथे टिकत नाही.

त्याच नाथसागराच्या काठी, पैठणला, बहुधा याच उपवासकाळात फाल्गुन वद्य षष्ठीला वारकऱ्यांची नाथषष्ठीची यात्रा भरते. त्यांची कसोटी निराळी आहे. माशालाही जीव आहे, म्हणून तो कोणत्याच दिवशी चालत नाही. पोषणाचा हिशेब मांडण्याची वेळच येत नाही. तर्काच्या दृष्टीने ही भूमिका अधिक सुसंगत आहे.

कॅथलिक नियमाचा खरा आधार पोषण नव्हे, स्वखुशीने केलेला त्याग आहे. शुक्रवार ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून पाळला जातो. तळलेल्या तुकड्याने नियमाचे अक्षर मोडत नाही, पण त्यागही घडत नाही. पातळ कालवणातला मासा आणि ज्वारीची भाकरी यांनी दोन्ही साधते, आणि कष्टकऱ्याच्या अंगाला लागणारी प्रथिनेही मिळतात.